कॅन्सर आणि झाडपाला: मेडिकलच्या काउंटरवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिंधुदुर्गात हायवेला लागून माझं मेडिकल आहे. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही, हे आधीच सांगून ठेवतो. घरात कोणाला कॅन्सर निघाला की लोक आधी शेजाऱ्यांना विचारतात, मग यूट्यूबला, मग काउंटरवर गर्दी कमी झाली की हळूच मला, आणि ज्या डॉक्टरला विचारायला पाहिजे त्याला विचारायचं राहूनच जातं कारण ओपीडीत आपला नंबर लागेपर्यंत डोकं बधिर झालेलं असतं. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच लिहून काढतोय. कुठली गोळी आणि किती, हे इथे मिळणार नाही.

झाडपाल्याने कॅन्सर बरा होतो का? एका शब्दात सांगा.

नाही. काढा, चूर्ण, रस, अर्क, गोमूत्र, कशानेही एकट्याने कॅन्सर बरा झाल्याचं आजवर कुठे सिद्ध झालेलं नाही. मळमळ, झोप, थकवा, घाबरेपणा यासाठी काही गोष्टींचा उपयोग होतो, त्याचं खाली लिहिलंय.

पण किमोची औषधं झाडांपासूनच काढतात म्हणे?

काढतात, आणि त्यातली दोन झाडं तर आपल्या अवतीभवतीच आहेत. एक सदाफुली. १९५० च्या दशकात कॅनडात डायबेटिसवर चालते का बघायला तिच्या पानांचा अर्क तपासत होते, साखर काही हलली नाही पण उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी धडाधड खाली आल्या, आणि त्या धाग्यावरून व्हिनब्लास्टिन आणि पुढे व्हिनक्रिस्टिन ही औषधं हाती लागली. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये व्हिनक्रिस्टिन आजही देतात.

हे ऐकलं की लोक अंगणातली पानं खुडून खायला लागतात. आता गंमत बघा, एक ग्रॅम व्हिनक्रिस्टिन काढायला काही शे किलो सुकी पानं लागतात, आणि मोठ्या माणसाला एका वेळी द्यायचा डोस सहसा २ मिलिग्रॅमच्या वर नेत नाहीत कारण त्यापुढे नसांवर परिणाम होतो, हातपाय बधिर पडतात. ते फक्त शिरेतूनच देतात. म्हणजे पान चावून औषधाचा डोस तर पोटात जाणार नाही, पण त्याच पानात इतर विषारी अल्कलॉइड भरपूर आहेत, ते मात्र जातील. सदाफुलीची पानं खाऊ नका. डायबेटिससाठी पण नको.

दुसरं झाड नरक्या. घाटातल्या लोकांना माहीत असेल, याची चोरटी तोड होते आणि मालासकट पकडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. त्यात कॅम्प्टोथेसिन असतं. हे द्रव्य पहिल्यांदा सापडलं १९६६ साली एका चिनी झाडात, नंतर आपल्या नरक्यातही निघालं. ते जसंच्या तसं माणसांना देऊन बघितलं तेव्हा मूत्राशयातून रक्त जायला लागलं, इतकं की ते काम थांबवावं लागलं. मग त्याच्या रचनेत बदल करून टोपोटिकॅन आणि इरिनोटिकॅन बनली, इरिनोटिकॅन आज मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये सर्रास वापरतात. झाडात गुण आहे यावर वादच नाही हो, पण झाड आणि सलाईनच्या बाटलीतलं औषध यांच्यामध्ये वीस-तीस वर्षांचं काम असतं आणि ते काम कोणी घरी मिक्सरमध्ये करू शकत नाही.

"झाडपाल्याचा औषध घेतला तर काय बिघाडतला?"

हा प्रश्न मालवणीतच येतो म्हणून तसाच ठेवलाय. सगळ्यात जास्त काय बिघडतं तर वेळ जातो. येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २०१८ साली अमेरिकेतल्या पेशंटची आकडेवारी काढली, स्तन, फुप्फुस, प्रोस्टेट आणि मोठं आतडं, सगळे न पसरलेले म्हणजे बरे होण्यासारखे कॅन्सर. ज्यांनी नेहमीचे उपचार सोडून फक्त पर्यायी उपचार घेतले त्यांच्यात मृत्यूचा धोका अडीच पट निघाला, आणि स्तनाच्या कॅन्सरमध्ये पाच पटीहून जास्त. आणि हे शिकलेले, पैसेवाले लोक होते बरं का. अॅपल कंपनीच्या स्टीव्ह जॉब्सला काय पैशाची कमी होती, त्याचा पॅन्क्रियाजचा म्हणजे स्वादुपिंडाचा ट्यूमर हळू वाढणाऱ्या जातीचा होता, ऑपरेशन करा म्हणून सांगितलेलं असताना त्याने जवळजवळ नऊ महिने डाएट आणि इतर उपायांत काढले.

"नैसर्गिक आहे म्हणजे अपाय नाही" असं कोणी म्हटलं की मी सुपारी दाखवतो. आपल्या श्रीवर्धनची रोठा सुपारी, झाडावरची, कुठलंही केमिकल नसलेली. ती तंबाखूशिवाय नुसती खाल्ली तरी तोंडाचा कॅन्सर होतो, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने तिला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कॅन्सर करते हे पक्कं ठरलेल्या यादीत टाकलंय. मशेरी पण नैसर्गिकच, तंबाखूचं पान भाजून केलेली. घरोघरी बायका सकाळी लावतात आणि वर म्हणतात आम्हाला कसलं व्यसन नाही.

एक वैदू आहे, त्याच्याकडे रांगा लागतात. लोक बरे झाले म्हणून स्वतः सांगतात, ते खोटं बोलतात का?

खोटं बोलत नाहीत बहुतेक. पण नीट विचारलं की कळतं, कोणाचं ऑपरेशन आधीच झालेलं असतं आणि काढा नंतर चालू केलेला असतो, कोणाची बायोप्सीच, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणी, झालेली नसते, नुसती गाठ होती ती कॅन्सरची होती हे वैदूनेच ठरवलेलं असतं, कोणाला किमो आणि काढा दोन्ही चालू होतं आणि श्रेय काढ्याला गेलं. आणि जे गेले ते व्हिडिओत बोलायला येत नाहीत.

नोव्हेंबर २०२४ मध्ये नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्नीचा चौथ्या स्टेजचा कॅन्सर लिंबूपाणी, कच्ची हळद, कडुनिंब आणि डाएटने गेला असं सांगितलं तेव्हा आठवडाभर माझ्याकडे कडुनिंबाच्या गोळ्या विचारत होते. त्यांच्या पत्नीचं ऑपरेशन झालं होतं, किमो झाली होती. मुंबईच्या टाटा मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलच्या आजी-माजी मिळून २६२ कॅन्सर डॉक्टरांना सही करून पत्रक काढावं लागलं की असल्या गोष्टींच्या नादाला लागून उपचार लांबवू नका. पत्रक कोणी फॉरवर्ड केलं नाही, व्हिडिओ मात्र अजून फिरतोय.

कायद्याचं म्हणाल तर १९५४ चा औषधे आणि जादुई उपाय कायदा आहे, त्यात ज्या आजारांवर "बरा करतो" अशी जाहिरात करायला बंदी आहे त्या यादीत कॅन्सर आहे. म्हणजे "शंभर टक्के गॅरंटी" असा बोर्ड दिसला तर तो बोर्डच बेकायदेशीर.

हळदीचं काय? हळद तर सगळेच सांगतात.

हळदीतलं करक्युमिन लॅबमध्ये पेशींवर काम करतं हे खरं. पण पोटातून ते रक्तात फारच थोडं उतरतं, म्हणून कंपन्या त्यात मिरीचा अर्क घालतात, आणि खरी भानगड तिथे सुरू होते. स्तनाच्या कॅन्सरमध्ये टॅमॉक्सिफेन वर्षानुवर्षं घ्यावं लागतं. २०१९ मध्ये नेदरलँड्समध्ये केलेल्या छोट्या अभ्यासात करक्युमिन आणि मिरीचा अर्क सोबत दिला तर टॅमॉक्सिफेनपासून शरीरात जे कामाचं द्रव्य तयार होतं तेच कमी झालं. म्हणजे गोळी घेताय पण अर्धवट घेतल्यासारखी. शिवाय हळदीच्या जास्त डोसच्या कॅप्सूलने लिव्हरला सूज आल्याच्या केसेस आहेत.

आमटीतली हळद, माशाला लावलेली हळद, रात्री दुधातली चिमूटभर, बिनधास्त खा. कॅप्सूल नको. माझ्याकडे विकायला आहेत, तरी सांगतोय.

हनुमान फळ? नोनी? कोकम? जर्दाळूच्या बिया?

हनुमान फळ, ज्याला कोणी लक्ष्मणफळ म्हणतात, "किमोपेक्षा दहा हजार पट" असा मेसेज येतो ना तेच. लॅबमधल्या पेशींवरचे प्रयोग आहेत, माणसांवरचा पुरावा नाही. उलट कॅरिबियनमधल्या ग्वाडेलूप बेटावर हे फळ आणि त्याच्या पानांचा चहा नेहमी घेणाऱ्यांमध्ये पार्किन्सनसारखा आजार जास्त दिसला. कधीतरी फळ खाल्लंत तर ठीक, पानांचा काढा रोज नको.

नोनीच्या रसात पोटॅशियम भरपूर, किडनी कमजोर असेल तर धोक्याचं, आणि काही किमो किडनीवर ताण आणतातच. बाटलीची किंमत बघून मला स्वतःलाच लाज वाटते.

कोकमातल्या गार्सिनॉलवर लॅबमध्ये काम चाललंय, पण त्यासाठी सोलकढी पिऊ नका, आवडते म्हणून प्या.

जर्दाळूच्या बिया, "व्हिटॅमिन बी १७": हे व्हिटॅमिन नाहीच. त्यातलं अमिग्डालिन पोटात गेलं की सायनाइड सुटतं. अमेरिकेत १९८२ साली १७८ पेशंटवर रीतसर तपासलं, कोणाला फायदा झाला नाही, काहींच्या रक्तात सायनाइड मात्र विषाच्या पातळीजवळ गेलं. कोणी ऑनलाइन मागवल्या असतील तर फेकून द्या.

गुळवेल रोज घेतो, चालू ठेवू?

कोविडमध्ये गावागावात लोकांनी कुंपणावरची वेल तोडून उकळून प्यायला सुरुवात केली. २०२१ मध्ये मुंबईच्या लिव्हरच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा पेशंटचं लिव्हर बिघडल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, दुसरीच वेल चुकून घेतली असेल म्हणाले. वाद मिटायचा तेव्हा मिटेल, पण किमोच्या दिवसात लिव्हरचे रिपोर्ट बिघडले की किमोची पुढची फेरी लांबते, आणि कशामुळे बिघडले हे डॉक्टरला कळायला मार्ग नसतो कारण काढ्याचं त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. किमो चालू असेपर्यंत बंद ठेवा.

गाठीवर लेप लावून गाठ बाहेर काढतात, खरं आहे का?

बिब्बा किंवा तसलंच काही जहाल असतं त्यात. कातडी भाजते, सडते, खपली निघते, आणि ती खपली "कॅन्सरचं मूळ बाहेर आलं" म्हणून दाखवतात. आतली गाठ तशीच असते. वर उघडी जखम, तिच्यात पू, आणि जे ऑपरेशन सोपं झालं असतं ते आता अवघड. स्तनाच्या गाठीवर असा लेप लावून घेतलेल्या बायका काउंटरवर ड्रेसिंगचं सामान न्यायला येतात, घरच्या पुरुषांना अजून सांगितलेलं नसतं. याबद्दल मला जरा जास्तच राग आहे, माफ करा.

सुई टोचली, सुरी लागली की कॅन्सर पसरतो ना?

हे कोकणात इतकं पक्कं बसलंय की बायोप्सीच्या तारखेला माणसं येतच नाहीत. सुईने पसरण्याचा धोका बहुतेक कॅन्सरमध्ये नगण्य आहे, आणि जिथे थोडाफार आहे तिथे डॉक्टर आधीच वेगळी काळजी घेतात. असं का वाटतं त्याचं कारण साधं आहे, लोक ऑपरेशनला उशिरा जातात, तेव्हा तो आधीच पसरलेला असतो, मग माणूस जातो आणि दोष सुरीला.

साखर बंद केली की कॅन्सर उपाशी मरतो का? आणि ते अल्कलाईन पाणी?

नाही. तुम्ही साखर सोडली तरी शरीर भातातून, नाहीच मिळालं तर स्वतःच्या स्नायूंतून साखर तयार करतं. डायबेटिस असेल तर साखर सांभाळा, ते वेगळं.

अल्कलाईन पाण्याचं मशीन विकणाऱ्याला एवढंच विचारा की रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ मध्ये फुप्फुस आणि किडनी धरून ठेवतात, त्यात तुमच्या बाटलीचं काय चालणार?

वैद्यांनी मासे, अंडी, भात, आंबट सगळं बंद केलंय. पेशंट वाळत चाललाय.

मग ते पथ्य त्याला आजाराआधी घेऊन जाईल. कॅन्सरमध्ये वजन उतरणं हीच मोठी लढाई असते, वजन गेलं की किमो झेपत नाही, डोस कमी करावा लागतो. प्रोटीन पाहिजे. आपल्याकडे काय कमी आहे? बांगडा, पेडवे, अंडी, कुळथाची पिठी, मुगाचं कढण, नाचणीची आंबील, शाकाहारी असाल तर उसळी, दही-ताक. सगळं नीट शिजवलेलं, ताजं. तोंड आलं असेल तर तिखट-आंबट काही दिवस बाजूला, सोलकढीसुद्धा झोंबते तेव्हा, मऊ पेज तूप-मीठ घालून, त्यात अंडं फेटून शिजवलं तरी चालतं. चार घास चार वेळा. पांढऱ्या पेशी कमी असताना कच्ची कालवं, उघड्यावरचा उसाचा रस, नीरा असलं काही नको.

पपनसाबद्दल मात्र मुद्दाम सांगतो कारण हे कोणी सांगत नाही. गणपतीत माटवीला लावतो आणि मग खातो ते, आपलं तोरंजन. त्याच्याच कुळातल्या ग्रेपफ्रूटने लिव्हरमधलं औषध पचवणारं एन्झाइम अडतं आणि कॅन्सरच्या काही गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण वाढतं. पपनसातही तशीच द्रव्यं आहेत. तोंडावाटे घ्यायच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरला विचारूनच खा.

किमोनंतर ताप आला, काढा देऊ की पॅरासिटामॉल?

दोन्ही नको. हॉस्पिटल गाठा, लगेच, रात्रीचे दोन वाजले असले तरी. किमोनंतर साधारण पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी तळाला जातात, तेव्हा १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप म्हणजे इमर्जन्सी. पावसाळ्यात आपण तापाला सरावलेलो असतो, लेप्टो असेल, मलेरिया असेल, उद्या रक्त तपासू. या पेशंटला उद्या नसतो. गेल्यावर पहिलं वाक्य "किमो चालू आहे" हेच बोला.

टाटाची शंभर रुपयांची गोळी आली का तुमच्याकडे?

फेब्रुवारी २०२४ ला बातमी आली तेव्हापासून विचारतायत. टाटाच्या संशोधकांनी रेस्वेराट्रॉल, जे द्राक्षात सापडतं ते, आणि तांबं अगदी थोड्या प्रमाणात एकत्र करून किमो-रेडिएशनचे साइड इफेक्ट कमी व्हावेत आणि कॅन्सर परत येऊ नये यासाठी प्रयोग केले. बरंचसं काम उंदरांवर, माणसांवरचे अभ्यास छोटे. चालू ट्रीटमेंटच्या जागी घ्यायची गोळी म्हणून ती कोणी सांगितलेलीच नव्हती. त्या बातमीवरून तांब्याच्या लोट्यात रात्रभर द्राक्षं भिजत घालणारेही भेटले, त्यांना काय बोलणार.

मग नैसर्गिक काहीच करायचं नाही का?

करायचं ना. योगाला बऱ्यापैकी आधार आहे, टाटामध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या पेशंटवर त्याची मोठी ट्रायल झालीये, थकवा, दुखणं, झोप यात फरक पडतो. रोज समुद्रावर किंवा नुसतं खळ्यात चालणं, थकवा असताना उलट चालल्यानेच कमी होतो. मळमळीला आलं थोडं चालतं, डॉक्टरच्या उलटीच्या गोळीच्या जोडीला, तिच्याऐवजी नाही. अॅक्युपंक्चरने मळमळ आणि काही गोळ्यांमुळे होणारी सांधेदुखी कमी होते, पण प्लेटलेट कमी असताना सुया नकोत. हलक्या हाताने तेल लावून घेणं, भजनाला बसणं, ज्याला जे बरं वाटतं ते. गावदेवीला गाऱ्हाणं घाला, मी पण घातलंय. फक्त किमोची तारीख कौल लावून ठरवू नका.

आयुर्वेदिक डॉक्टरकडे जावं की नाही?

डिग्रीवाल्या, आणि "तुमचं चालू आहे ते सोडू नका" म्हणणाऱ्या डॉक्टरकडे जायला हरकत नाही. "किमो सोडा तरच माझं औषध" म्हणाला की उठून या. नाव-बॅच नंबर नसलेल्या पुड्या घेऊ नका. २००८ साली इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदिक औषधांची अमेरिकेत तपासणी झाली तेव्हा साधारण पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. घेताय ते सगळं, बाटल्या-पुड्यांसकट पिशवीत भरून कॅन्सरच्या डॉक्टरसमोर ठेवा. ओरडतील म्हणून लपवतात लोक. ओरडू देत.

वय झालंय, डॉक्टर म्हणतात आता फार उपयोग नाही. आता तरी झाडपाला देऊ?

आता महत्त्वाचं दुखणं थांबवणं. त्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात आणि ते "सोडून दिलं" असं नसतं, लवकर चालू केलं तर माणूस जास्त सुखात राहतो. मॉर्फिनला लोक घाबरतात, व्यसन लागेल म्हणून. कॅन्सरच्या दुखण्यात डॉक्टरच्या देखरेखीखाली दिलं तर ती भीती नाही, पोट साफ व्हायचं औषध मात्र सोबत लागतं कारण पोट कडक होतं. अफूच्या बोंडातून येतं ते, तुम्हाला झाडाचंच पाहिजे होतं ना. आमच्यासारख्या साध्या मेडिकलमध्ये सहसा मिळत नाही, मान्यता असलेल्या हॉस्पिटलातून मिळतं. २०१४ ला कायदा त्यासाठी सोपा केलाय. अशा पेशंटला कडू काढे पाजून छळू नका, त्याला सुरमई खावीशी वाटली तर सुरमई द्या.

मुंबईला जायला परवडत नाही, म्हणून तर वैदूकडे जातो.

हे खरं कारण असतं बऱ्याचदा आणि ते शेवटी येतं. चिपळूणजवळ डेरवणला वालावलकर हॉस्पिटलात कॅन्सरचे उपचार होतात, इकडचे लोक गोव्याला बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलातही जातात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सर बसतो, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, रेशनकार्ड आणि आधार घेऊन हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला भेटा, पैसे भरायच्या आधी. उपचारासाठी जाताना रेल्वेत कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थ्री टायर एसीला पूर्ण सवलत आहे, सोबतच्या माणसाला ७५ टक्के, हॉस्पिटलचा फॉर्म लागतो. राहायला लालबाग-परळला कोणी ना कोणी चाकरमानी निघतोच, नाहीतर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, तिथे जागा मिळायला हॉस्पिटलचं पत्र लागतं. नुसतं दुसरं मत पाहिजे असेल तर टाटाशी जोडलेली "नव्या" (Navya) या नावाची ऑनलाइन सोय आहे, रिपोर्ट पाठवून मत मिळतं. आणि प्रत्यक्ष जाताना बायोप्सीच्या रिपोर्टबरोबर काचेच्या स्लाइड आणि गाठीचा तुकडा ज्यात जपून ठेवतात तो मेणाचा ब्लॉक लॅबमधून मागून घ्या, तो तुमचाच असतो, नाहीतर तिथे पोचल्यावर परत गावी फोनाफोनी आणि आठवडा फुकट.